उपग्रह रेडिओच्या संगीतवाहिन्या : गाण्यांची निवड आणि आवाजाचा दर्जा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत महिन्यातून एका रविवारी आम्ही काही श्रोते जुनी ध्वनिमुद्रणे ऐकायला जमतो. वाशी-नेरूळहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने येणारी मंडळीही त्यात असतात. चहाच्या वेळी उपग्रहावरून येणाऱ्या रेडिओविषयी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे. तांत्रिक बाबी जितक्या आवश्यक तितक्याच घेतल्या आहेत. आवडीनिवडीची मते माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

उपग्रह रेडिओ म्हणजे नेमके काय? मोबाइलवर ऐकतो तो रेडिओ त्यात धरावा का?

धरू नये. ज्या रेडिओचे प्रसारण उपग्रहावरून थेट श्रोत्याच्या अँटेनापर्यंत पोहोचते, तो उपग्रह रेडिओ होय. मोबाइलवरचा रेडिओ इंटरनेटवरून येतो. उपग्रह रेडिओचेही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात रेडिओसाठीच वेगळा उपग्रह आणि वेगळा छोटा संच असतो, जसा आपल्याकडे वर्ल्डस्पेसचा होता. दुसऱ्या प्रकारात दूरचित्रवाणीच्या डिशवरून, त्याच सेट-टॉप बॉक्समध्ये, रेडिओच्या वाहिन्या येतात. आज ठाणे-नवी मुंबईत उपग्रहावरून जे काही ऐकता येते, ते सारे दुसऱ्या प्रकारातले आहे.

वर्ल्डस्पेसचे नाव अजूनही का निघते? ती सेवा बंद का झाली?

नाव निघते, कारण या भागातील अनेक घरांनी शास्त्रीय संगीताची चोवीस तास चालणारी वाहिनी पहिल्यांदा ऐकली ती त्या सेवेवर. नोआ समारा यांनी 1990 मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने 1998 मध्ये आफ्रिकेसाठी ‘आफ्रिस्टार’ आणि मार्च 2000 मध्ये आशियासाठी ‘एशियास्टार’ हे उपग्रह सोडले. भारतातला कारभार बंगळूरहून चाले. ‘गंधर्व’ ही हिंदुस्थानी संगीताची, ‘श्रुती’ ही कर्नाटक संगीताची, ‘फरिश्ता’ ही जुन्या हिंदी चित्रपटगीतांची आणि ‘झंकार’ ही नव्या गाण्यांची वाहिनी होती. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझ यांनाही त्यात स्वतंत्र जागा होती. ऑक्टोबर 2008 मध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले आणि 31 डिसेंबर 2009 रोजी भारतातील सेवा थांबली.

सेवा बंद पडण्याचे कारण कार्यक्रमांच्या दर्जात शोधू नये. उपग्रहाचा खर्च सुरुवातीलाच करून ठेवावा लागतो, तर वर्गणीदार एकेक करून मिळतात. शिवाय संच विकत घेऊन वर दरवर्षी वर्गणी भरणारा श्रोता, फुकटचा एफएम घरोघर असलेल्या शहरात, हवा तेवढा मिळाला नाही.

त्या वाहिन्यांचा आवाज ‘सीडीसारखा’ असल्याचे सांगितले जाई. ते खरे होते का?

नव्हते, आणि ते का नव्हते हे समजले की या पानावरील निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

सीडीवरील आवाजाला दर सेकंदाला सुमारे 1411 किलोबिट (किलोबिट हे डिजिटल माहितीचे माप) लागतात. एशियास्टारच्या एका वाहक लहरीवर सर्व वाहिन्यांना मिळून उपलब्ध असलेली जागा 1536 किलोबिटांची होती, म्हणजे एका सीडीपेक्षा थोडीशीच जास्त. ही जागा प्रत्येकी 16 किलोबिटांच्या 96 तुकड्यांत विभागलेली असे. वाहिनीला किती तुकडे द्यायचे हे प्रसारकाने ठरवायचे. आठ तुकडे दिले की 128 किलोबिटांची बऱ्यापैकी वाहिनी होते, पण मग अशा वाहिन्या बाराच बसतात. चार-चार तुकडे दिले तर चोवीस बसतात, आणि दोन-दोन दिले तर अठ्ठेचाळीस. थोडक्यात, एकाच पगारात घरातील सगळ्यांचे भागवायचे असते. धाकट्याच्या शिकवणीची फी वाढली की थोरल्याच्या क्रिकेटच्या किटला कात्री लागते. ‘आमच्याकडे अमुक इतक्या वाहिन्या आहेत’ ही जाहिरात वाचताना त्या आकड्याची किंमत आवाजाने मोजलेली असते, हे लक्षात ठेवावे.

आवाज इतक्या कमी जागेत बसवण्यासाठी एमपी3 च्या कुळातील पद्धत वापरली जाई. कानाला जे ऐकू येण्याची शक्यता कमी, ते गाळायचे, हे तिचे तत्त्व. मोठ्या आवाजाच्या शेजारी असलेला त्याच पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून तो टाकून दिला तरी चालते. जागा पुरेशी असेल तर हे गाळणे कळतही नाही. जागा तुटपुंजी झाली की वरच्या कंपनसंख्या कापाव्या लागतात आणि आवाजावरून कोणीतरी जाड पडदा ओढल्यासारखे वाटते. एफएम स्टिरिओवर 15 किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर येतात. 64 किलोबिटांच्या स्टिरिओ एमपी3 वाहिनीला तेथपर्यंत पोहोचताना दम लागतो. म्हणून त्या काळात खरखरीचा एफएम ‘मोकळा’ आणि निःशब्द पार्श्वभूमीचा उपग्रह रेडिओ ‘बंद’ वाटे, हे ज्यांचे मत होते त्यांचे कान ठिकाणावर होते.

तंबोरा पाण्याखाली वाजत असल्यासारखा का वाटतो?

हा प्रश्न माझ्या विशेष आवडीचा आहे, कारण तो विचारणारा माणूस खरोखर ऐकत असतो.

तंबोऱ्याच्या जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार हलकेच घासत राहील अशा मांडणीमुळे, एका तारेतून असंख्य वरचे स्वरांश एकाच वेळी उमटतात, आणि ते स्थिर नसतात. तार छेडल्यापासून ती विरेपर्यंत त्यांचे परस्परप्रमाण सतत बदलत राहते. चार तारा एकापाठोपाठ छेडल्या जात असताना या बदलत्या स्वरांशांची दाट वीण तयार होते. कमी बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला कमी किलोबिट वापरणारी, पद्धत प्रत्येक क्षणी हिशेब करते की यातले कोणते ठेवायचे आणि कोणते सोडायचे. एका क्षणी ठेवलेला स्वरांश पुढच्या क्षणी वगळला जातो, त्याच्या पुढच्या क्षणी परत येतो. त्या ये-जा करण्यातून जी लुकलुक निर्माण होते, ती आपल्याला पाण्याच्या खळबळीसारखी भासते. गायक गात असेपर्यंत तो मोठा आवाज हे सारे झाकतो. विलंबित ख्यालात गायक दोन आलापांमध्ये श्वासासाठी थांबला की दोष उघडा पडतो. मी रात्री अकराच्या सुमारास, घर शांत असताना, डाव्या कानाला हेडफोन लावून अशा जागा शोधत बसत असे. घरच्यांनी याला छंद म्हणण्याचे नाकारले आहे.

तबल्याच्या बाबतीत दोष वेगळा असतो. ‘ना’ किंवा ‘तिं’ यांसारख्या टोकदार बोलाच्या किंचित आधी एक पुसट सरसर ऐकू येते. पद्धत आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडून हिशेब करते आणि एका तुकड्यातली चूक त्या संपूर्ण तुकड्यावर पसरते. थाप तुकड्याच्या शेवटी पडली, तर चूक थापेच्या आधी ऐकू येते. टाळ्यांचा कडकडाट हीदेखील अशा पद्धतींची जुनी परीक्षा आहे. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात शेवटच्या टाळ्या तव्यावर तडतडणाऱ्या मोहरीसारख्या ऐकू आल्या, तर त्या वाहिनीला जागा कमी दिली आहे असे खुशाल समजावे.

मग जुनी चित्रपटगीते त्याच रेडिओवर चांगली का वाटतात?

यात भावनेचा भाग आहेच, पण तांत्रिक कारणही आहे. जुनी गाणी एकाच वाहिनीत, म्हणजे मोनोमध्ये मुद्रित आहेत. डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगळा खर्च करावा लागत नसल्याने मिळालेली सगळी जागा एकाच आवाजाला मिळते. मूळ तबकडीवरच फार वरच्या कंपनसंख्या नसल्यामुळे त्या कापल्या गेल्याचे दुःखही होत नाही. अपवाद म्हणजे फार घासलेली तबकडी: तिची खरखर हा यादृच्छिक आवाज असतो, त्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि तो टिपण्यातच जागा वाया जाते. प्रसारणापूर्वी खरखर माफक प्रमाणात काढलेली असेल तर गाणे उठून दिसते. ती अधाशीपणाने काढली, तर खरखरीबरोबर गायिकेच्या आवाजातला श्वासही जातो. मला दोन्हींपैकी एक निवडायचे झाले तर मी खरखर निवडतो.

अमेरिकेत अपुऱ्या जागेच्या अडचणीवर काय उपाय केला गेला?

तेथे 1997 मध्ये दोन कंपन्यांना 2320 ते 2345 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात प्रत्येकी 12.5 मेगाहर्ट्झ जागा परवान्याने मिळाली. एक्सएमची सेवा सप्टेंबर 2001 मध्ये आणि सिरियसची 2002 मध्ये सुरू झाली. एक्सएमने एएसी प्लस ही नवी पद्धत घेतली. तिच्यात वरच्या कंपनसंख्या पाठवल्याच जात नाहीत. खालच्या स्वरांवरून त्या कशा असाव्यात याची थोडक्यात सूचना पाठवली जाते आणि संच त्या नव्याने घडवतो. परिणामी आवाज ‘बंद’ वाटत नाही, मात्र झांजा आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे किंचित धातूसारखी, बनावट वाटू शकतात. सिरियसने वेगळी पद्धत वापरली आणि ज्या क्षणी ज्या वाहिनीला गरज अधिक, तिला सामायिक जागेतून अधिक वाटा देण्याची व्यवस्था केली. बोलक्या वाहिन्यांकडून उरलेले संगीताला मिळते, ही कल्पना चांगली आहे. पण सर्वांनाच एकाच वेळी गरज लागली की तीही तोकडी पडते.

जुलै 2008 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संगीतवाहिन्यांचे एकत्रीकरण झाले. त्यानंतर तेथील श्रोत्यांच्या दोन तक्रारी कायम राहिल्या: गाण्यांची यादी आखूड झाली, आणि आवाज वाहिनीगणिक कमीजास्त आहे. या दोन तक्रारी एकाच घरातल्या आहेत हे वर दिलेल्या हिशेबावरून ध्यानात येईल. वाहिन्या वाढवल्या की आवाज पातळ होतो आणि निवड करणारी माणसेही तितक्याच वाहिन्यांत वाटली जातात.

प्रत्येक वाहिनीवर तीच ती गाणी का लागतात?

कागद-पेन्सिल घेऊन बसलो तर हे गूढ राहत नाही. एखाद्या वाहिनीच्या संग्रहात 500 गाणी आहेत आणि प्रत्येक गाणे चार मिनिटांचे आहे असे धरू. सगळी एकदा वाजायला साधारण 33 तास लागतात. पण सर्व गाणी सारख्या वेळा वाजवली जात नाहीत. समजा, लोकप्रिय अशा 50 गाण्यांना एकूण वेळेचा चौथा हिस्सा दिला, तर त्यांतले प्रत्येक गाणे दिवसातून जवळजवळ दोनदा वाजते. तुम्ही दिवसातून दोन तास ऐकत असाल, तर त्यातले एकेक गाणे तुम्हाला महिन्यातून चार-पाच वेळा ऐकू येईल. चार-पाच वेळा म्हणजे फार नाही असे वाटेल. परंतु अशी गाणी पन्नास आहेत, त्यामुळे रोज सात-आठ ओळखीचीच भेटतात, आणि मन त्यांचीच नोंद ठेवते.

आखूड यादीमागे आळस असतोच असे नाही. गाडी चालवताना वाहिन्या बदलत जाणारा माणूस ओळखीच्या गाण्यावर थांबतो, अनोळखी गाण्यावर पुढे जातो. त्याला धरून ठेवण्यासाठी यादी आखूड ठेवतात. दिवसभर तीच वाहिनी लावून बसणाऱ्याला मात्र त्याचा जाच होतो. वर्गणी भरणारा श्रोता बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो, आणि म्हणून वर्गणीच्या वाहिनीने एफएमची यादी उचलणे हा मला निव्वळ करंटेपणा वाटतो. एक्सएमने दशकानुसार वाहिन्या केल्या होत्या, चाळीसच्या दशकाची गाणी चौथ्या क्रमांकावर, पन्नासची पाचव्या, अशा हिशेबाने. ती मांडणी लक्षात ठेवायला सोपी आणि संग्रहाची शिस्त राखणारी होती.

शास्त्रीय संगीताच्या वाहिनीने रागांची वेळ पाळावी का?

माझ्या मते पाळावी, पण त्याची किंमत जाणून. समजा 500 ध्वनिमुद्रणे आहेत आणि प्रत्येक सरासरी अर्ध्या तासाचे आहे. एकूण 250 तास, म्हणजे दहा दिवसांहून अधिक. आता ती आठ प्रहरांत वाटली, तर प्रत्येक प्रहराच्या वाट्याला साठ-बासष्ट येतात. अडचण अशी की वाटणी सारखी होत नाही. मैफली संध्याकाळी आणि रात्री होत असल्याने यमन, बिहाग, बागेश्री, मालकंस, दरबारी यांच्या ध्वनिमुद्रणांचा ढीग आहे. सकाळच्या भैरव-तोडीचीही वाण नाही. दुपारी मात्र सारंगाचे प्रकार, भीमपलास, पटदीप, मुलतानी यांवर भागवावे लागते. म्हणून घरून काम करणाऱ्या खारघरच्या एका श्रोत्याची ‘दुपारी नेहमी तेच वाजते’ ही तक्रार, आणि रात्री ऐकणाऱ्या त्यांच्याच वडिलांचे ‘काय वैविध्य आहे!’ हे कौतुक, दोन्ही खरी असू शकतात.

निवेदक असावा की नुसते संगीत?

राग, ताल, कलाकार आणि साथीदार यांची नावे सांगणारा निवेदक असावा. त्यापलीकडे बोलणारा नसावा. पडद्यावर नाव दिसते, मग निवेदक कशाला, असा युक्तिवाद केला जातो. परंतु पोळ्या लाटत असलेला माणूस पडदा पाहत नाही. आकाशवाणीच्या निवेदकांची जुनी पद्धत, म्हणजे आधी कलाकार, मग राग, मग तालासह बंदिशीचे शब्द, आणि शेवटी साथीदार, ही मला अजूनही आदर्श वाटते. विविध भारती 1957 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचे नाव गाण्याआधी सांगण्याची जी सवय आपल्या कानांना लागली, तिने कितीतरी साध्या श्रोत्यांना जाणकार केले.

आज ठाण्यात उपग्रहावरून नेमके काय ऐकता येते?

प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशवर, वर्गणीशिवाय, आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या येतात. त्यांत विविध भारती आहे, निरनिराळ्या भाषांतील केंद्रे आहेत, आणि 26 जानेवारी 2016 रोजी सुरू झालेली ‘रागम’ ही हिंदुस्थानी व कर्नाटक अशा दोन्ही संगीतांची चोवीस तासांची वाहिनी आहे. खासगी डीटीएच सेवांवरही संगीताच्या केवळ श्राव्य वाहिन्या असतात, त्यांची यादी मात्र वरचेवर बदलते.

येथे एक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. दूरचित्रवाणीच्या उपग्रहावर एका ट्रान्सपाँडरमध्ये (संकेत घेऊन तो परत जमिनीकडे पाठवणाऱ्या यंत्रात) सुमारे 38 मेगाबिट, म्हणजे 38 हजार किलोबिट, प्रति सेकंद बसतात, म्हणजे एशियास्टारच्या एका वाहक लहरीच्या जवळजवळ पंचवीस पट. एका साध्या चित्रवाहिनीच्या जागेत पंधरा-वीस उत्तम दर्जाच्या रेडिओवाहिन्या सहज मावतात. एके काळी जागा नव्हती पण निवड करणारी माणसे होती. आता जागा आहे, आणि बहुतेक खासगी श्राव्य वाहिन्यांवर गाण्यांची माळ कोणी ओवली आहे असे वाटतच नाही. लावणीनंतर अभंग आणि अभंगानंतर हळदीचे गाणे लागते.

डिशवरून येणारा आवाज चांगला असूनही घरी तो पत्र्यासारखा का वाटतो?

कारण बहुतेक घरांत तो दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागच्या चपट्या स्पीकरमधून ऐकला जातो. सेट-टॉप बॉक्सच्या मागे लाल आणि पांढरे अशी दोन भोके असतील, तर तेथून वायर थेट ॲम्प्लिफायरला किंवा स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या स्पीकरना जोडावी. बॉक्सचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमीजास्त करायचे ते ॲम्प्लिफायरवर करावे. वाहिनीचा क्रमांक पाठ असला की टीव्ही चालू ठेवण्याचीही गरज राहत नाही. आमच्या घरी 11 क्रमांकी वहीच्या पुठ्ठ्यावर आईच्या अक्षरात वाहिन्यांचे क्रमांक लिहून तो बॉक्सखाली सरकवलेला आहे. बॉक्सला केवळ एचडीएमआय असेल, तर टीव्हीच्या ऑप्टिकल किंवा हेडफोनच्या भोकातून आवाज घ्यावा.

ब्लूटूथ स्पीकर शक्यतो टाळावा. आधीच गाळून आलेला आवाज ब्लूटूथ पुन्हा एकदा गाळतो, आणि दोन गाळण्यांचे दोष एकमेकांवर चढतात. टीव्हीवरील ‘सराउंड’, ‘स्पष्ट संवाद’ वगैरे सोयीही बंद कराव्यात.

आलापाच्या वेळी तंबोरा एकदम मोठा होतो आणि गायक आला की दबतो. हा बिटरेटचा दोष आहे का?

नाही. ‘कॉम्प्रेशन’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ असल्याने हा गोंधळ होतो. वर सांगितलेले गाळणे हे माहितीचे आकारमान कमी करणे होय. येथे जे घडते ते आवाजाची चढउतार कमी करणे होय: हळू आवाज आपोआप वाढवायचा, मोठा आवाज दाबायचा, म्हणजे रस्त्यावरच्या गोंगाटातही सारे सारखे ऐकू येईल. चित्रपटगीतांना ते खपून जाते. ख्यालात मात्र ज्या शांततेतून षड्ज उगवायचा ती शांतताच भरून निघते. दोष कोणता ते ओळखायचे असेल तर एवढे पाहावे: आवाजाचा पोत बिघडला असेल तर बिटरेट कमी आहे, पोत ठीक असून पातळी वरखाली होत असेल तर हा दुसरा प्रकार आहे. टीव्हीतही ‘आवाज समान ठेवा’ अशी सोय असते. प्रसारकाला दोष देण्यापूर्वी ती बंद करून पाहावी.

पावसाळ्यात आवाज खराब होतो का?

खराब होत नाही. तो एक तर येतो, नाही तर जातो. डीटीएचचे प्रसारण 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपास असते आणि तेथे लहरीची लांबी अडीच सेंटिमीटरच्या घरात असल्याने मुसळधार पावसाचे थेंब तिला चांगलेच शोषतात. संचाला चुका दुरुस्त करता येतात तोवर आवाज जसाच्या तसा राहतो, आणि त्या मर्यादेपलीकडे गेला की आधी अडखळतो, मग थांबतो. वर्ल्डस्पेसचे प्रसारण 1467 ते 1492 मेगाहर्ट्झवर, म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर असल्याने पावसाची त्याला पर्वा नसे. ज्यांना जुलैच्या धो-धो पावसात मल्हार अखंड ऐकल्याचे आठवते, त्यांची आठवण बरोबर आहे.

रिमझिम पावसातही वाहिनी जात असेल, तर डिशची दिशा मुळातच किंचित चुकलेली आहे. माझ्याकडे एका तंत्रज्ञाने डिश खिडकीच्या ग्रिलला एकाच नटावर टांगून दिली होती. पहिल्या वादळी सरीत ती मान खाली घालून बसली. दुसऱ्या वेळी कारण आणखी घरगुती निघाले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वाळत घातलेली ओली चादर बरोबर डिशसमोर लोंबत होती. ओल्या कापडातले पाणी पावसाइतकेच काम करते. चादर सरकवताच विविध भारती परतली, आणि त्यानंतर काकू चादरी दुसऱ्या दोरीवर घालू लागल्या.

समोर टॉवर उभा राहिला आहे. डिश चालेल का?

फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. ठाण्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 57 अंश उंचीवर दिसतो. इतक्या उंचीवर असल्याने पारसिकचा डोंगर आड येत नाही, आणि येऊरचे डोंगर तर पश्चिमेला आहेत. आड येतो तो शेजारचा टॉवर. तुमच्या डिशपेक्षा 60 मीटर उंच इमारत आग्नेयेला असेल आणि ती सुमारे 40 मीटरांच्या आत असेल, तर उपग्रह झाकला जाईल. घोडबंदर रस्त्यावरील संकुलांत आणि खारघर-सानपाड्याच्या नव्या इमारतींत हे नेहमी घडते. अशा वेळी गच्चीवर डिश लावण्याची सोसायटीकडे लेखी परवानगी मागावी. वर्ल्डस्पेसचा उपग्रह आणखी पूर्वेला, 105 अंशांवर होता आणि येथून सुमारे 47 अंश उंचीवर असे, त्यामुळे तेव्हा अडचण याहून मोठी होती.

मार्चमध्ये काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास वाहिनी बंद पडते. बॉक्स बिघडला आहे का?

बॉक्स ठीक आहे. मार्चच्या पूर्वार्धात, आणि पुन्हा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या प्रारंभी, सूर्य आकाशात बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा रेडिओगोंगाट उपग्रहाच्या क्षीण संकेतावर मात करतो. जीसॅट-15 साठी आपल्याकडे ती वेळ साधारण अकराची येते. काही मिनिटे थांबावे. तंत्रज्ञाला बोलावून भेटीचे शुल्क भरू नये; तो येईपर्यंत वाहिनी सुरू झालेली असते, आणि तो श्रेय घेतो.

आकाशवाणीच्या वेळेच्या ठोक्यांवर घड्याळ लावावे का?

डिशवरच्या ठोक्यांवर लावू नये. उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असल्याने जाण्यायेण्यातच पाव सेकंद जातो, आणि आवाज गाळण्या-उलगडण्यात त्याहून अधिक. स्वयंपाकघरात साधा रेडिओ आणि हॉलमध्ये डिश एकाच वाहिनीवर लावले, तर हॉलमधले गाणे मागे रेंगाळते.

भावाने अमेरिकेतून सिरियस एक्सएमचा रिसीव्हर आणला आहे. तो येथे चालेल का?

चालणार नाही. त्या उपग्रहांचे झोत उत्तर अमेरिकेवर रोखलेले आहेत. अँटेना कोठेही वळवला तरी उपयोग नाही.

गाडीत उपग्रह रेडिओ आपल्याकडे का आला नाही?

चालत्या गाडीला उपग्रह सतत दिसणे अवघड असते. अमेरिकेत सिरियसने तीन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत फिरते ठेवून ते आकाशात उंचावर राहतील अशी योजना केली, एक्सएमने दोन स्थिर उपग्रह वापरले, आणि शहरांत दोघांनीही जमिनीवर पुनःप्रक्षेपक उभारले. आपल्याकडे वर्ल्डस्पेससाठी अशी जमिनीवरची जोडणी उभी राहिली नाही. तिच्याविना कोपरीच्या पुलाखालून जाणाऱ्या गाडीत बंदिश समेवर येण्याआधीच तुटली असती.

दुकानात किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात ही वाहिनी लावता येईल का?

घरगुती ऐकण्यासाठीची सेवा व्यवसायाच्या जागी लावणे हे सार्वजनिक वादन ठरू शकते, आणि त्यासाठी हक्कधारकांच्या संस्थांकडून वेगळा परवाना लागतो. गीतकार-संगीतकारांच्या बाजूने आयपीआरएस ही संस्था तो देते. वाहिनीची वर्गणी भरली म्हणजे हा परवाना मिळाला, असे होत नाही.

माळ्यावर वर्ल्डस्पेसचा जुना संच पडला आहे. त्याचे काय करावे?

त्यावर आता काहीही येणार नाही, आणि त्याचा चौकोनी अँटेना डिशच्या पट्ट्यासाठी निरुपयोगी आहे. मात्र संचासोबत स्पीकर वेगळे मिळाले असतील तर ते फेकू नयेत. त्यांची वायर तपासून सेट-टॉप बॉक्सला जोडलेल्या लहान ॲम्प्लिफायरवर ते लावून पाहावेत. माझ्याकडचे दोन्ही स्पीकर असे वाजत आहेत, आणि सध्या त्यांवर ‘रागम’ लागलेले असते. बाकीचा संच भंगारवाल्याच्या पोत्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावा.